वास न घेतलेली दालचिनी

ओमानात, अल हैलच्या आमच्या बिल्डिंगमध्ये मी सुके बोंबील तळायचे ते सगळ्या खिडक्या बंद करून, एक्झॉस्ट फॅन लावून आणि दाराखालच्या फटीत ओला टॉवेल कोंबून. कारण एकच. खालच्या मजल्यावर एक जपानी बाई राहायला आली होती. जपानी माणसं फार टापटिपीची, आवाज न करणारी, असं मी ऐकून होते, आणि माझ्या बोंबलांपायी अख्ख्या कोकणाची अब्रू जायला नको असं मला मनापासून वाटायचं. नवरा म्हणायचा, "अगं, ते लोक स्वतः सुके मासे खातात." पण मी एकदा काही ठरवलं की ठरवलं.

तर एका शुक्रवारी कढईत बोंबील, घरभर धूर, आणि बेल वाजली. दारात तीच. दोन्ही हातांत एक चपटा डबा धरून उभी, कमरेत वाकलेली. ती नुकतीच माहेरी जाऊन आली होती, आणि गावाहून आलं की शेजाऱ्यापाजाऱ्यांना काहीतरी खाऊ द्यायचा, ही त्यांच्याकडची रीत. मी मात्र तिला बोलूच दिलं नाही. माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत वासाबद्दल माफी मागत सुटले. सॉरी, फिश, ड्राय फिश, व्हेरी सॉरी, नेक्स्ट टाइम नो फिश. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला वास येतच नाही. लहानपणी सायकलवरून पडले, डोक्याला लागलं. तेव्हापासून नाक बंद आहे. गोड कळतं, खारट कळतं. वास काहीच नाही."

म्हणजे इतके महिने मी टॉवेल ओले करत होते ते कुणासाठी? मला आधी स्वतःचं हसू आलं, मग तिची कीव आली, आणि मग मी तिला हाताला धरून आत घेतलं. त्या दिवसापासून आमची गट्टी जमली.

तिने आणलेला डबा मी तिच्यासमोरच उघडला. आत पातळ, कडक, तपकिरी तुकडे, बरोब्बर आमच्या गावच्या घरावरच्या नळीच्या कौलांच्या आकाराचे. एक तोंडात टाकला तर कुडुम्‌ करून मोडला आणि तोंडभर दालचिनी. आता आमच्याकडे दालचिनी म्हणजे मटणाच्या मसाल्यातली. तिचा गोडाशी संबंध नाही. नवऱ्याने एक खाऊन पाहिला आणि म्हणाला, "मटण बिस्किट." पण दुसरा उचलला, तिसराही उचलला. मला तर ती चव अशी आवडली की मी अर्धा डबा चहात बुडवून संपवला. ती बघत होती आणि तिचे डोळे मोठे होत होते. चहात बुडवून खाणारं कुणी तिने आजवर पाहिलं नसावं.

ती त्या पदार्थाला यात्सुहाशी म्हणत होती, आणि तो तिच्या वडिलांच्या दुकानातला होता. क्योतोमध्ये एका देवळाकडे चढत जाणारा रस्ता आहे, त्या रस्त्यावर त्यांचं दुकान. सात पिढ्या तेच दुकान, तोच पदार्थ. तांदळाचं पीठ, साखर, दालचिनी, बस्स. रोज पहाटे घाणा झाला की वडील पहिला तुकडा हातात घेणार, आधी वास घेणार, मग खाणार आणि मान हलवणार. त्यांची मान हलल्याशिवाय दुकानाचं दार उघडायचं नाही. दालचिनी वजनावर घालत नाहीत, कारण प्रत्येक सालीचा जोर वेगळा. ती किती घालायची ते नाकाने ठरवायचं.

"मग तुझ्यानंतर?" मी विचारलं. म्हणजे विचारायचं होतं वडिलांनंतर, पण इंग्रजीत माझं असंच होतं.

तिला कळलं. तिच्या भावाला लहानपणापासून त्या कामासाठी तयार केलं होतं, पण तो तोक्योला बँकेत चिकटला. वडील आता थकले होते. नवीन वर्ष झालं की दुकान बंद करायचं, असं त्यांनी फोनवर सांगून टाकलं होतं. हिला दुकान हवं होतं. लग्नाआधी ती त्यांना तसं म्हणालीही होती. तेव्हा वडील एवढंच बोलले, "जिला दालचिनीचा वास येत नाही तिने दालचिनीचं दुकान कसं चालवायचं?" त्यानंतर तो विषय घरात निघाला नाही. गिऱ्हाइकाला डबे बांधून द्यायला ती काउंटरवर चालत होती, पण मागच्या खोलीत, जिथे पीठ मळतात तिथे, तिला कधी उभं केलं नाही.

हे सगळं ती हसून सांगत होती. मला मात्र राग आला. मला राग लवकर येतो, आणि स्वतःपेक्षा दुसऱ्याच्या वतीने जास्त येतो. तिच्या म्हाताऱ्या बापाशी मनातल्या मनात मी तिथेच कडाकडा भांडले. पण खरं सांगायचं तर त्याचा मुद्दा मलाही खोडता येत नव्हता.

महिनाभराने ती पुन्हा वर आली, या वेळी बशी घेऊन. म्हणाली, हे कडक तुकडे भाजलेले असतात, पण तेच पीठ न भाजता मऊही खातात, आत गोड सारण भरून. घरी करून पाहिलंय, नीट जमलं नाही. मी बशीवरचा रुमाल काढला आणि ओरडलेच. बशीत तिकोनी घडी घातलेल्या, जरा कडा फाटलेल्या, उकडीच्या करंज्या होत्या. अहो, उकडीच्या करंज्याच. वरचं आवरण वाफवलेल्या तांदळाच्या पिठाचं, आत लाल कडधान्य शिजवून, वाटून, साखरेत आटवलेलं. म्हणजे पुरण. समुद्रापलीकडच्या कुठल्या गावात सात पिढ्या लोक पुरणाच्या उकडीच्या करंज्या विकत होते आणि आम्हाला पत्ता नव्हता. फरक म्हणाल तर ते साखर आवरणात घालतात, तीत दालचिनी घालतात, आणि आम्ही नुसतं मीठ आणि तूप. नवऱ्याला मी ऑफिसात फोन करून हे सांगितलं. तो म्हणाला, मीटिंगमध्ये आहे.

"फाटते," ती म्हणाली. "प्रत्येक वेळी फाटते."

फाटणारच. तिच्या स्वयंपाकघरात एसी सुरू, पीठ उघडं, आणि मळताना हात कोरडे. उकड म्हणजे तान्हं पोर. वारा लागू द्यायचा नाही, अंगावरचं ओलं फडकं काढायचं नाही, आणि गरम असतानाच मळायचं, मग हाताला चटके बसले तरी चालतील. मी माझ्या घरचा एसी बंद केला. ओमानातल्या जूनमध्ये एसी बंद करून स्वयंपाकघरात उभं राहायचं म्हणजे काय ते इथे राहिलेल्यांनाच कळेल. आम्ही दोघी घामाने निथळत एकाच परातीत पीठ मळलं. तिचे हात बारीक पण असे तालात चालायचे की मी बघत राहिले. इतकी वर्षं काउंटरवर उभी राहून ती मागच्या खोलीतल्या हातांकडे चोरून पाहत आली होती, हे त्या हातांवरूनच कळत होतं.

मग उन्हाळाभर आमचा तोच उद्योग. तिचा नवरा सोहारच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यावर होता, आठवड्याच्या शेवटीच घरी यायचा, त्यामुळे ती मोकळी आणि मी हौशी. अल मवालेहच्या बाजारात आमचा एक ठरलेला दुकानदार होता, रत्नागिरीकडचा. तो मोदकाचं पीठ गणपतीच्या आधी मागवायचा. मी जूनमध्येच मागायला गेले तर म्हणाला, "भाभी, गणपती लवकर आले काय या साली?" मी म्हटलं, जपानचे आलेत. तो म्हणाला, "इन्शाल्ला परवा पीठ येल. पन जपानी मोदक झाले की माका दोन पाठवा."

वास आणि चव बघायचं काम माझ्याकडे. ती करंजी पुढे करायची आणि माझ्या तोंडाकडे टक लावून बघायची. बिल्डिंगमधली सगळी मराठी मंडळी मला वहिनी म्हणायची, तेच तिने उचललं होतं आणि त्याला आपलं जपानी शेपूट जोडलं होतं.

"वहिनी-सान, जास्त?"

"जास्त."

"आता?"

"आता कमी. आता अगदी तिखट. आता... थांब, आता बरोबर. आता एकदम बरोबर."

दर वेळी दालचिनी घालण्याआधी ती चिमूटभर पूड जरा ओली करून मनगटाच्या आतल्या बाजूला चोळायची आणि थांबायची. मग पूड बोटांच्या पेरांत घासून बघायची. मला वाटायचं, असेल काहीतरी त्यांच्याकडची सवय. मी विचारलं नाही. मला तेव्हा माझ्याच नाकाचा फार अभिमान वाटत होता.

एक दिवस करंज्या अशा सुरेख झाल्या की मी तिला म्हटलं, झालं, शिकलीस, आता बापाला फोन कर. तिने नाही म्हणून मान हलवली. म्हणाली, "दुकानात वहिनी-सान नसणार." तिचं खरं होतं. माझं नाक काढून घेतलं तर ती पुन्हा होती तिथेच.

त्यात बातमी आली की वडील येतायत. दुकान बंद करायचं ते लेकीला समोर बसून सांगावं आणि एकदा तिचं घर बघावं, असं त्यांच्या मनात होतं. आणि येणार केव्हा, तर नेमके गणपतीत. आमचा दीड दिवसाचा गणपती, छोटीशी मूर्ती, विसर्जन बाल्कनीतल्या बादलीत. पण नैवेद्याचा थाट मी गावच्यासारखाच ठेवायचे. तिने विचारलं, त्या दिवशी तुझ्या देवासाठी मी माझ्या करंज्या केल्या तर चालतील का? वडील ते खातील. मला उभ्याउभ्या नाचावंसं वाटलं. नवऱ्याने शंका काढली, "बाप्पाला मटण मसाल्याचा वास?" मी त्याच्याकडे असं बघितलं की तो पेपर घेऊन बेडरूममध्ये गेला.

मग मी तिला नियम सांगायला बसले. अंघोळ करून यायचं, धुतलेले कपडे घालायचे. स्वयंपाक होईपर्यंत काही खायचं नाही. आणि मुख्य म्हणजे, काहीही चाखायचं नाही. देवाच्या आधी कुणी उष्टं करायचं नाही.

"मीठ बरोबर आहे की नाही ते?"

"हाताला कळतं. माझी आई भाजीचं मीठ, आमटीचं आंबट, सगळं न चाखता करायची. चाखायचं नाही आणि मुद्दाम वासही घ्यायचा नाही. वास घेतला तरी देवाच्या आधी आपण भोगलं असं होतं."

ती माझ्याकडे टक लावून बघायला लागली. मला वाटलं, माझ्या इंग्रजीने घात केला. मग तिने हळूच विचारलं, "वासही नाही? कुणीच नाही?"

"कुणीच नाही. मीसुद्धा नाही."

"म्हणजे वहिनी-सान, तुमच्या देवाच्या स्वयंपाकाला माझ्यासारखीच बाई लागते."

असं म्हणून ती हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मग मलाही आवरेना. आजवर मी तो नियम शेकडो वेळा पाळला असेल, पण त्याचा असा अर्थ मला कधी सुचला नव्हता. मी तिला म्हटलं, ये उद्या सकाळी, परात तुझी.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या आधी तयार होऊन दारात उभी होती, केस ओले, साधा पांढरा शर्ट. एका शेगडीवर माझी मोदकांची उकड, दुसरीवर तिचं पीठ. या वेळी तिला माझ्या तोंडाकडे बघता येणार नव्हतं, म्हणून मीच तिच्याकडे बघत होते. तिने दालचिनीची पूड मनगटावर चोळली आणि थांबली. आणि आत्ता कुठे मला कळलं. जोर किती आहे ते ती कातडीच्या चुरचुरीवरून ओळखत होती. बोटांत घासून सालीतलं तेल बघत होती. पिठात घातल्यावर रंग बघत होती, लाटण्याखाली पीठ किती ओढ घेतंय ते बघत होती. उन्हाळाभर मी मारे चव सांगत होते आणि ही माझं प्रत्येक "बरोबर" मनगटावर नोंदवून ठेवत होती.

मला मात्र धीर धरवेना. घरभर वास सुटला होता, आणि तो नाकात जाऊ नये म्हणून मी तोंडाने श्वास घेत होते. नवरा आत डोकावला आणि म्हणाला, "काय गं, सर्दी झाली?"

केळीच्या पानावर एका बाजूला माझे मोदक आणि दुसऱ्या बाजूला तिच्या तिकोनी करंज्या मांडल्या, तोवर बेल वाजली. तिचे वडील आले. कोट घातलेला, काठीसारखा ताठ, बारीक म्हातारा. आत आल्याबरोबर त्यांनी कुणाकडे न बघता गणपतीपुढे कमरेत वाकून नमस्कार केला, आणि माझा त्यांच्यावरचा अर्धा राग तिथेच गेला. मग ते ताठ झाले, त्यांची नजर पानाकडे गेली. लेकीच्या हातचं काय आहे ते त्यांनी क्षणात ओळखलं. आणि आयुष्यभर पहाटे उठून ज्या हाताने पहिला तुकडा उचलला तो हात आपोआप पानाकडे गेला.

मी त्यांचं मनगट धरलं. "काका, नो. आधी बाप्पा."

नवऱ्याने कपाळाला हात लावला. म्हाताऱ्याने माझ्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. बहुधा त्या दुकानात त्यांचा हात आजवर कुणी धरला नसेल. लेक खाली मान घालून जपानीत भराभर बोलू लागली. ते ऐकत राहिले. मग त्यांनी हात मागे घेतला आणि दोन पावलं मागे सरून उभे राहिले.

आम्ही आरती केली, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून जरा दबक्या आवाजात. ते टाळ्या वाजवत होते, ताल चुकवत, पण मनापासून. मी मात्र त्या दिवशी देवाला नीट आळवलंच नाही. आरती म्हणता म्हणता मनात एकच चाललं होतं, बाबा रे, इतकी वर्षं मोदक खाल्लेस, आज हिची करंजी बिघडू देऊ नकोस. पानाभोवती पाणी फिरवलं, नैवेद्य दाखवला, आणि पहिली करंजी त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती ओंजळीत घेतली.

आधी वास घेतला. डोळे मिटून, बराच वेळ. मग अर्धी खाल्ली. चावले, थांबले, पुन्हा चावले. मग लेकीला काहीतरी विचारलं. तिने एका शब्दात उत्तर दिलं. त्यांनी पुन्हा विचारलं, तिने पुन्हा तेच उत्तर दिलं.

"काय म्हणतायत?" मी म्हटलं. माझ्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. त्यांनी उरलेली अर्धी खाल्ली आणि पानाकडे बोट दाखवून माझ्याकडे बघितलं. आता मात्र परवानगी मागत होते. मी दुसरी दिली. तीही त्यांनी सावकाश खाल्ली. मग ते हळू आवाजात बराच वेळ बोलले, आणि माझी शेजारीण मटकन खाली जमिनीवर बसली.

मी तिच्याशेजारी जाऊन बसले. "सांग ना गं."

"विचारत होते, कोणी चाखलं? मी म्हटलं, कुणी नाही. मग म्हणाले, वास कोणी घेतला? मी म्हटलं, कुणी नाही."

"आणि आता काय म्हणाले?"

"म्हणाले, दालचिनी माझ्यापेक्षा कमी आहे." तिने बोटांनी डोळे पुसले. "म्हणाले, माझं नाक म्हातारं झालं, म्हणून मी दरवर्षी थोडी थोडी जास्त घालत गेलो असेन. मला कळलंच नाही. ही चव माझ्या वडिलांची आहे. त्यांच्यानंतर मी आज खाल्ली."

म्हातारा अजून उभाच होता. त्याने आणखी एक वाक्य म्हटलं, छोटंसं, कोटाचं बटण लावत लावत. मी तिला कोपराने ढोसलं.

"विचारतायत, सोहारचं काम कधी संपतं," ती म्हणाली. "थंडीत पहाटे दुकानाचं दार त्यांना एकट्याने सरकत नाही म्हणे."

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि तिथे भरपूर रडून घेतलं. मग सगळ्यांना पानं वाढली. काकांनी माझे मोदक खाल्ले, एकावर एक, आणि शेवटी लेकीमार्फत निरोप दिला की आवरणात साखर घालायला तुम्ही विसरलात. मी म्हटलं, त्यांना सांग, आमच्याकडे ते असंच असतं. त्यांचा काही विश्वास बसलेला दिसला नाही.

पुढच्या वर्षी तिच्या नवऱ्याचं काम संपलं आणि ती दोघं गेली. खालच्या घरात नवीन कुटुंब आलं, त्यांना नाकं आहेत, त्यामुळे माझा ओला टॉवेल पुन्हा दाराखाली गेला. गणपतीच्या आदल्या दिवशी नवऱ्याच्या ऑफिसातला एक जण जपानहून परतला आणि त्याच्या हाती एक चपटा डबा आला. डब्यावर तेच दुकान, तोच देवळाचा चढ. आतला घाणा तिच्या हातचा होता, एवढा निरोप होता.

नवरा म्हणाला, "उघड की, निदान वास तरी घेऊ दे."

मी डबा उघडला नाही. तसाच देवापुढे ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी नैवेद्य होईपर्यंत त्या खोलीत मी तोंडाने श्वास घेतला.